सासूबाईंच्या गाडीची डावी बाजू

७ जानेवारी

आजपासून दैनंदिनी लिहायला घेतो आहे. पूर्वीही घेतली होती, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडलं आहे.

काल दुपारी सासूबाईंनी आपली गाडी समोरच्यांच्या भिंतीला घासली. नुसती टेकवली असती तर गोष्ट वेगळी. त्यांनी अख्खी डावी बाजू भिंतीला फासत फासत आमच्या फाटकापर्यंत आणली. बॉनेटचा कोपरा वर उचलला गेला, मडगार्ड कागदाच्या बोळ्यासारखं चुरगळलं आणि पुढच्या दाराला असा पोचा आला की त्यात मांजराने सुखाने झोपावं. सासूबाईंना खरचटलंसुद्धा नाही. उतरल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "यांनी भिंत पुढे घेतलीय."

समोर राहणारे गृहस्थ गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांना आम्ही घरात 'भूमिती' म्हणतो. ते टेप घेऊन आले आणि भिंत तसूभरही हललेली नाही हे मोजून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "मग रस्ता अरुंद केलाय."

त्यांच्याशी कोण वाद घालणार? तीसेक वर्षं त्यांनी गाडी शिकवण्याचा वर्ग चालवला. आमच्या गावातले निम्मे चालक त्यांच्या शिव्या खाऊन तयार झालेत. वय अठ्ठ्याहत्तर, पण किल्ली अजून पदराला. गाडी माझ्या लग्नाआधीची, निळी. असलं मॉडेल आता रस्त्यावर दिसत नाही.

मी म्हटलं, गॅरेजात टाकू. तेव्हा बायकोनं जे म्हटलं ते इथे शब्दशः नोंदवतो. "गॅरेज कशाला? तुम्हीच करा ना घरी. तुमच्याइतकं बारकाईनं कोण करणार? आणि हे बघा, घाई अजिबात करू नका."

माझा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांत या बाईनं मला कुकरची शिट्टी बदलू दिलेली नाही. माणसाची पारख व्हायला वेळ लागतो, पण होते.

१० जानेवारी

नियोजन.

मी खोक्यांच्या कारखान्यात नियोजन विभागात होतो. गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. म्हणजे स्वेच्छा दोन्ही बाजूंची होती. निरोप समारंभात साहेब म्हणाले, "यांच्या जाण्यानं आपलं एकही काम अडणार नाही." मी घडीच तशी बसवून दिली होती. ऐकताना डोळे भरून आले.

तर आज व्हरांड्याच्या भिंतीवर मोठा तक्ता लावला. टप्पा पहिला, पाहणी. दुसरा, चिंतन. तिसरा, विलगीकरण, म्हणजे जुने पत्रे काढणं. चौथा, नवे पत्रे मिळवणं. पाचवा, जोडणी. सहावा, समारोप. चार रंगांचे खडू वापरले.

सासूबाई बाहेर आल्या. तक्त्यासमोर उभ्या राहिल्या, पण वाचला नाही. "गॅरेजवाला चार दिवसांत देतो म्हणत होता," म्हणाल्या.

"आई, चार दिवसांत होते ती उरकाउरकी. हे काम आहे."

"तुम्हाला किती दिवस लागतील, जावईबापू?"

"असं दिवसांत सांगता येत नाही. टप्प्यांत सांगता येईल."

त्या माझ्या कानाच्या थोडं पलीकडे बघत राहिल्या आणि आत गेल्या. जाताना उंबऱ्याशी पायानं चाचपून मग पाऊल टाकलं. विचारात असल्या की त्या अशाच चालतात.

१५ जानेवारी

पाहणी आणि चिंतन पूर्ण. आज विलगीकरण.

मडगार्ड म्हणजे चाकावरचा पत्रा. तो बोल्टांनी गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो. बोल्ट सोडवले की पत्रा सुटतो. पुस्तकी ज्ञान इतकं सोपं. प्रत्यक्षात बोल्टांना गंज असा चढलेला की ते बोल्ट आहेत की गाडीला आलेले चामखीळ, हे कळेना. पहिल्यावर पाना लावून जोर काढला. पाना निसटला, मी चाकावर, कोपर बॉनेटवर. बॉनेटला नवा पोचा. ते तसंही बदलायचंच होतं, त्यामुळे नुकसान शून्य.

दुसरा बोल्ट फिरला! मी आनंदानं ओरडलो. मग कळलं, नुसतं डोकं फिरलंय, बोल्ट आतच आहे. बायको बाहेर आली. मी हातातलं तुटलेलं डोकं दाखवलं. ती म्हणाली, "अरे वा. छान चाललंय." खरोखर समाधानानं म्हणाली. दुसरी एखादी असती तर कपाळावर हात मारला असता.

१६ जानेवारी

बोल्टांवर तेल सोडून ठेवलं. त्यांना विचार करायला वेळ दिला आहे.

२१ जानेवारी

मडगार्ड निघालं. शेवटचा बोल्ट छिन्नीनं तोडला आणि पत्रा धाडकन माझ्या पायावर आला. अंगठा जांभळा. मडगार्डाखाली चिखल, पानं आणि एका पक्ष्याचं सोडून दिलेलं घरटं निघालं.

दार काढणं सोपं गेलं. बिजागऱ्यांचे बोल्ट सोडले आणि ते पूर्ण वजनासह माझ्या मिठीत आलं. "कुणी आहे का?" असं विचारत मी बराच वेळ त्याला कवटाळून उभा होतो. रस्त्यापलीकडून भूमिती बघत होते. हाक मारली तर म्हणाले, "गुरुत्वमध्य शोधा." मदतीला आले नाहीत. शेवटी सासूबाई आल्या. हात पुढे करत करत आल्या, दाराची कड बोटांना लागली तशी गच्च धरली आणि आम्ही दोघांनी दार भिंतीला टेकवलं. या वयात काय ताकद!

बायको रोज दुकानातून त्यांच्यासाठी डोळ्यांचे थेंब आणते. ती औषधाच्या दुकानात कामाला आहे. थेंब घातल्याशिवाय त्यांना जेवायला बसू देत नाही. मी घासकाम सुरू केल्यापासून धूळ फार उडते, त्याचाच हा त्रास. खरं तर थेंब त्याआधीही चालू होते. पण धूळ तेव्हाही असणारच.

२८ जानेवारी

भंगारवाल्याकडे गेलो. गावाबाहेर मोठ्ठं आवार. गाड्या एकमेकींच्या डोक्यावर बसलेल्या. भंगारवाला तोंडात काडी घालून बाजेवर पडलेला. मी मॉडेल सांगितलं. तो न उठता म्हणाला, "आहे. सगळं आहे. विमानाचं पण आहे."

मडगार्ड मिळालं, दार मिळालं, बॉनेटही. पत्रे शाबूत, फक्त हिरवे. पोपटी नव्हे, शाळेतल्या जुन्या फळ्यासारखे गडद हिरवे. मी विचारलं, निळ्यात नाही का? तो म्हणाला, "रंग काय, वर लावायचा असतो." या वाक्यात तत्त्वज्ञान आहे.

२९ जानेवारी

मडगार्ड बसत नाही. सकाळपासून वाकवून, दाबून, विनवून पाहिलं. दुपारी भूमिती आले. दोन्ही हात पाठीमागे बांधून पाहणी केली आणि म्हणाले, "हे उजव्या बाजूचं आहे."

मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतं मोटारीतलं?"

"मोटारीतलं नाही. आरशातल्या प्रतिमेतलं कळतं."

३० जानेवारी

भंगारवाला म्हणाला, "उलटं धरून बघितलंत का?" मी दोन वाक्यांत त्याला माझी योग्यता सांगितली. त्यानं उठून डावं मडगार्ड दिलं. तेही हिरवंच.

६ फेब्रुवारी

बोल्टांचा डबा गायब. नवे बोल्ट, वायसर, सगळं आकारानुसार लावून ठेवलं होतं. व्हरांडा पालथा घातला. शेवटी कपड्यांच्या कपाटात, बायकोच्या लोकरी शालीखाली सापडला. ती गडबडली. मग म्हणाली, "दमट हवा आहे. गंजू नयेत म्हणून ठेवले."

माझ्या बोल्टांना तिच्या शालीची ऊब! लोक संसार संसार म्हणतात तो आणखी काय असतो?

११ फेब्रुवारी

आज दहाचा पाना सापडत नाही.

१२ फेब्रुवारी

पाना तांदळाच्या डब्यात. बायको म्हणाली, कीड लागत नाही लोखंडानं.

१६ फेब्रुवारी

काम थंडावलं आहे. दाराच्या बिजागरीची जुळणी काही केल्या साधेना. दार लावलं तर खाली घासतं, उचललं तर वर अडतं. माणसानं कधीकधी दूर व्हावं, म्हणजे दृष्टिकोन येतो. बायकोनं माझी मनःस्थिती ओळखून मला माउथ ऑर्गन आणून दिला. "थोडे दिवस हे शिका," म्हणाली. "गाडी कुठे पळून जातेय?"

१९ फेब्रुवारी

माउथ ऑर्गन. सा रे ग येतो.

२२ फेब्रुवारी

आज सासूबाई स्टूल घेऊन व्हरांड्यात माझ्या शेजारी येऊन बसल्या. माझ्या हातातून माउथ ऑर्गन काढून घेतला आणि त्या जागी पाना ठेवला.

मी कामाला लागलो. त्या बोल्ट हातात देत होत्या. डब्याकडे बघायच्याही नाहीत. बोटांत धरून एकदा फिरवायच्या, "हा आठचा. हा दहाचा. ह्याचे आटे खराब आहेत, टाका." एकदाही चुकल्या नाहीत. मी थक्क होऊन म्हटलं, "आई, न बघता कसं ओळखता?"

"बघून ओळखायला काय कुणीही ओळखेल," म्हणाल्या.

दुपारी मी सहज विचारलं, "गाडीवाचून तुमचं काय अडलंय एवढं? भाजी दारात येते. दवाखान्यात तुमची लेक रिक्षानं नेते."

त्या म्हणाल्या, "मी विधवा झाले तेव्हा चौतिशीत होते. ही चिमुरडी. लोक म्हणाले, शिवणयंत्र घे. मी गाडी घेतली. पहिला विद्यार्थी मिळायला आठ महिने गेले. बाईकडून गाडी शिकायची लाज वाटायची पुरुषांना. मग हळूहळू यायला लागले. माझ्या शेजारी घाम पुसत बसायचे, मी सांगेन तिकडे वळायचे." हातातला बोल्ट फिरवत राहिल्या. "गाडी दारात उभी असली ना जावईबापू, की मी या घरात राहते. नसली की मला ठेवलेलं आहे."

मी दाराखाली जॅक लावला आणि जुळणी करायला घेतली.

आता हे काम पुरं करणारच. तक्ता काढून टाकला.

२७ फेब्रुवारी

दार बसलं!

युक्ती सासूबाईंची. मी डोळ्यांनी फट मोजत होतो. त्यांनी दाराच्या कडेवरून बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं. "इथे दोन सुतं जास्त. खालची बिजागरी आत घ्या." घेतली. दार लावलं तर असा आवाज झाला, पुस्तक मिटल्यासारखा. आम्ही ते तीसचाळीस वेळा उघडलं, लावलं. सासूबाई हसत होत्या. त्यांना हसताना बघायची सवय नसल्यामुळे मला जरा भीतीच वाटली.

बायको कामावरून आली. तिला दार लावून दाखवलं. तिच्या हातातली पिशवी खाली पडली. "झालं?" म्हणाली. "तुम्ही केलंत? खरंच झालं?"

"मडगार्ड आणि बॉनेट तेवढं राहिलंय. चार दिवस."

"पण... रंग? रंग तर द्यायला हवा ना? प्रायमर, पुटी, घासायचं, परत पुटी... त्याला दोनतीन महिने सहज जातील."

"रंगाचं काय, वर लावायचा असतो," मी म्हटलं.

ती आत जाऊन पाणी प्यायली. कौतुकाचे शब्द सापडत नाहीत तेव्हा माणसाचं असंच होतं.

४ मार्च

काम पूर्ण. ही चार अक्षरं दोनदा गिरवली. आयुष्यात मी पुष्कळ कामं मार्गी लावली, पण पूर्ण म्हणजे पूर्ण असं हे पहिलंच असावं.

गाडी बघायला भूमितीही आले. उजवीकडून निळी, डावीकडून हिरवी. ते म्हणाले, "दोन वेगळ्या गाड्या असल्यासारखं वाटतं. साक्षीदारांचा गोंधळ होईल."

सासूबाईंनी मात्र नव्या मडगार्डावरून तळहात फिरवला, व्हरांड्याच्या सावलीत थोडं मागे सरून बघितलं आणि म्हणाल्या, "रंग अगदी जुळलाय हो. कुठे जोड कळत नाही."

असं मोठं मन लागतं! हिरवा रंग ढळढळीत समोर असताना माझं मन राखायला त्या असं बोलल्या. मी बायकोकडे कौतुकानं पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक.

"आई," ती म्हणाली, "गाडी कुठल्या रंगाची दिसतेय तुला?"

"निळी. दुसरी कुठली असणार?" सासूबाईंनी पदराची किल्ली सोडली. "उद्या सकाळी चक्कर मारू. जावईबापू, तुम्ही बसा शेजारी."

"आई, नको."

"का?"

बायकोनं उत्तर देण्याआधी मीच म्हटलं, "अगं, दोन महिने घाम गाळलाय मी. एक चक्कर तर हवीच."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की दैनंदिनीत त्याचं वर्णन करणं कठीण आहे.

५ मार्च

काय लिहू? क्रमानं लिहितो.

बायकोची आज सकाळची पाळी. जाताना दोनदा परत आली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "काहीतरी कारण काढा. चाक काढा एखादं." मी म्हटलं, "तुझा माझ्या कामावर विश्वास नाही?" ती म्हणाली, "तुमच्या कामावर आहे, तीच तर पंचाईत झालीय," आणि बस पकडायला पळाली. मला ते कोडं वाटलं.

सासूबाई गाडीत बसल्या. आरसे लावले. हात स्टिअरिंगवर ठेवले तसा पाठीचा कणा सरळ झाला. दहा वर्षांनी लहान दिसल्या. गाडी सुंदर निघाली. दार खडखडलं नाही, बॉनेट हललं नाही. मी कान देऊन ऐकत होतो.

गल्ली संपली. त्या म्हणाल्या, "डावीकडून काय येतंय?"

मी म्हटलं, "सायकलवाला."

"किती लांब?"

"झाडाशी आहे."

त्या थांबल्या. सायकलवाला गेला. "आता?" "आता मोकळं." वळल्या.

मला गंमत वाटली. जुन्या मास्तरीणबाई! विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यावी तशी माझी घेत होत्या. "पुढचा दिवा कुठला?" "लाल." "आता?" "हिरवा." "डाव्या बाजूला किती जागा?" "हातभर." मी एकही उत्तर चुकलो नाही. स्वतःवर खूश होतो. मनात म्हटलं, कारखान्यात कुणी मला इतके प्रश्न कधी विचारलेच नाहीत.

बाजाराच्या चौकाआधी बॉनेटची फट उन्हात चमकली. एका बाजूला जरा जास्त वाटली. मी पुढे वाकून ती बघत होतो. सासूबाईंनी काहीतरी विचारलं. मी ऐकलं, पण म्हटलं, आधी ही फट बघू दे.

डावीकडून, झेब्रा पट्ट्यांवरून, एक माणूस रस्ता ओलांडत होता. हातात दोन पिशव्या. निम्मा रस्ता ओलांडून तो आमच्या थेट समोर आला होता. सासूबाई तशाच पुढे जात होत्या. सरळ बघत, शांतपणे.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. त्यांनी ब्रेक मारला. त्या माणसानं पिशव्या टाकून दोन्ही तळहात माझ्या हिरव्या बॉनेटवर टेकले होते. बटाटे रस्त्याभर घरंगळत गेले. तो चवताळून खिडकीशी आला आणि एकदम थबकला.

"बाई? तुम्ही?" म्हणाला. "मी तुमचा विद्यार्थी. तुम्हीच तर शिकवलंत, पट्ट्यांजवळ आधी पाय ब्रेकवर." "अहो बाई, दिसत नाही का तुम्हाला?"

मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. सासूबाईंनी गाडी बंद केली. हात मांडीवर घेतले.

"नाही," म्हणाल्या.

मग किल्ली काढली आणि मी बसलो होतो त्या दिशेला हवेत धरली. माझा हात नेमका कुठे आहे हे त्यांना कळत नव्हतं. मी हात पुढे नेऊन ती घेतली.

खाली उतरून त्या माणसाचे बटाटे वेचायला लागलो. गाडी शेवटी त्यानंच घरी आणून लावली, मला चालवता येत नाही.

७ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ संपला आहे. उजव्यानं नळीतून पाहिल्यासारखं तेवढंच, तेही अंधुक दिसतं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी सांभाळायची. डॉक्टर विचारत होते, "गाडी तर नाही ना चालवत?" सासूबाई म्हणाल्या, "नाही. सोडली." कधी, ते त्यांनी विचारलं नाही.

परत आल्यावर बायको आणि मी व्हरांड्यात बसलो. मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

"काचबिंदू आहे हे माहीत होतं. इतका आहे हे त्या भिंतीच्या दिवशी कळलं. तिला कितीदा म्हटलं तपासून घे, तर थेंब दे म्हणते आणि विषय बदलते. 'आई, गाडी सोड' असं तोंडावर म्हणायची माझी छाती होईना. तिनं त्या गाडीवर मला मोठं केलंय. मग म्हटलं, गाडीच नादुरुस्त राहिली तर?"

"म्हणून मला दिलीस."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"गॅरेजवाल्यानं चार दिवसांत दिली असती," मी म्हणालो.

"हो."

"आणि मी?"

"अहो, बाथरूमचा नळ तुम्ही दुरुस्तीला काढलात तेव्हा आपण जुन्या घरात होतो." तिनं तोंडावर पदर धरला. आधी वाटलं रडते आहे. ती रडतही होती आणि हसतही होती. "तुम्ही संपवाल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं हो मला."

मी रागावून उठलो. आत गेलो, बाहेर आलो. गाडीचं दार उघडलं, लावलं. अजूनही पुस्तक मिटल्यासारखा आवाज येतो. इतक्या विश्वासानं माझ्यावर आजवर कुणी काम सोपवलं नव्हतं, आणि तो विश्वास मी धुळीला मिळवला.

परत येऊन तिच्या शेजारी बसलो. तिनं माझा अंगठा बघितला. नख गेलं आहे, नवं येतं आहे.

१३ मार्च

सासूबाई खोलीबाहेर येत नाहीत. जेवण आत. मी माउथ ऑर्गन वाजवून बघितला. आतून आवाज आला, "बंद करा ते." तेवढंच बरं वाटलं.

१८ मार्च

एका गॅरेजवाल्यानं विचारलं, गाडी विकता का. मी त्याचा निरोप सांगायला आत गेलो. सासूबाई खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या.

"विका," म्हणाल्या.

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "विकायची नाही. मी शिकणार आहे."

सासूबाईंनी मान वळवली. "तू? या वयात? आणि शिकवणार कोण? हे?"

मी अपमान गिळला.

"तू," बायको म्हणाली.

"आंधळ्या माणसाकडून गाडी शिकणार?"

"बाईकडून शिकायलाही लाजायचे ना लोक? मला नाही लाज."

सासूबाईंनी पायानं चपला शोधायला सुरुवात केली.

२३ मार्च

मोकळ्या मैदानावर रोज सकाळी तासभर. गाडी तिथवर तो बटाटेवाला विद्यार्थी नेऊन ठेवतो. मला मागच्या सीटवर बसवतात. माझं काम एकच, डावीउजवीकडे बघून काही असलं तर सांगायचं. बाकी बोलायचं नाही. सासूबाई डोळे मिटून बसतात आणि इंजिन ऐकतात. "क्लच लवकर सोडलास." "गिअर मागतेय गाडी, दे तिला." "ब्रेक लाथ मारल्यासारखा दाबू नकोस, माणूस आहे समजून दाब." बायको रडकुंडीला येते. आज म्हणाली, "तू लोकांच्या पोरांना इतकं बोलायचीस?" सासूबाई म्हणाल्या, "त्यांना कमी बोलायचे. ते परके होते."

आज गाडी अकरा वेळा बंद पडली. शेवटच्या वेळी दोघीही हसत सुटल्या. कशाला ते मला समजलं नाही.

२ एप्रिल

आज पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर.

बायकोनं गल्लीतून गाडी काढली. भूमिती स्वतःच्या भिंतीसमोर दोन्ही हात पसरून उभे होते. त्यांना वळसा घालून आम्ही पुढे गेलो. बाजार ओलांडला, चौकातल्या पट्ट्यांजवळ तिनं पाय आधीच ब्रेकवर नेला. गावाबाहेर रस्ता सरळ झाला, दोन्हीकडे झाडं. बायकोचे खांदे हळूहळू खाली आले.

"किती वेगात आहोत?" सासूबाईंनी विचारलं.

"चाळीस."

सासूबाईंनी काच खाली केली. वाऱ्यानं त्यांचे केस विस्कटले, त्या सारखे करायच्या भानगडीत पडल्या नाहीत. "आणखी थोडी," म्हणाल्या.

गाडी पन्नासला गेली. त्यांच्या बाजूचं दार मी बसवलेलं. बिजागरीचे बोल्ट माझे, जुळणी माझी, आणि आयुष्यात पुरं केलेलं काम ते एकच, म्हणजे अनुभव काहीच नाही. मी मागून दोन सीटांच्या फटीतून हात पुढे घातला आणि दाराचं हॅण्डल आतून गच्च धरलं.

सासूबाईंच्या कोपराला माझा हात लागला. त्यांनी तो चाचपून पाहिला.

"सोडा हो जावईबापू," म्हणाल्या. "नीट बसलंय ते."

मी सोडलं नाही.